गुबगुबीत अक्षराचा माग

‘मोदक’ नावाचा एक देवनागरी फॉन्ट आहे. ज्याला हे नाव सुचले त्याला दाद द्यायला हवी. अक्षरे खरोखरच उकडीच्या मोदकासारखी आहेत: टम्म फुगलेली, कुठेही न टोचणारी, आणि पोटातली पांढरी जागा जेमतेम सुरीची चीर पडावी एवढी. मुंबईच्या ‘एक टाइप’ या अक्षररचनाकारांच्या गटाने तो केला. त्यातली देवनागरी अक्षरे सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांची आहेत. सुरुवात झाली ती कागदावर हाताने काढलेल्या आकारांपासून. संगणक नंतर आला. आमच्या माहितीत याहून लठ्ठ देवनागरी फॉन्ट नाही, असे त्याचे कर्ते कौतुकाने सांगतात, आणि ते खोडून काढणारा नमुना अजून माझ्या पाहण्यात आलेला नाही.

मी हर्सूलला राहतो. टी पॉइंटवरून जळगाव रस्त्याने गावाकडे येताना कारागृहाची भिंत, पुढे वस्ती, दुकाने, बाजूला तलावाकडे जाणारा रस्ता असा आमचा भूगोल. हाच रस्ता पुढे फुलंब्री, सिल्लोड करत अजिंठ्याला जातो. गेली काही वर्षे या रस्त्यावरच्या पाट्या मी वहीत टिपून ठेवतो. त्यांत गुबगुबीत अक्षरे सतत भेटतात. कधी ती खुद्द ‘मोदक’ची असतात, कधी त्याच गटाच्या ‘बालू’ची, कधी त्यांच्या जातकुळीतल्या आणखी कुणाची. बालवाडी, केकचे दुकान, लहान मुलांचे कपडे, वडापावची गाडी, गणेश मंडळाचा फलक, बारशाची मोबाइलवर आलेली पत्रिका. नवरात्रात हरसिद्धी देवीच्या यात्रेला खेळण्यांची आणि खाऊची दुकाने लागतात, तेव्हा तर या अक्षरांचाच बाजार भरतो.

हे अक्षर आले कुठून, असे कुणालाही विचारले तर उत्तर ठरलेले असते: कॉम्प्युटरवरून. या लेखात मला दाखवायचे आहे ते थोडे वेगळे. छापखान्याच्या शिशाला हे अक्षर फारसे जमले नाही. ते जगले हातावर, म्हणजे ब्रशावर, पत्र्यावर, नाटकाच्या जाहिरातीत आणि दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवर. संगणकावर ते सगळ्यांत शेवटी पोचले, आणि पोचले तेव्हा हाताच्या काही सवयी बरोबर घेऊन गेले, काही मागे ठेवून गेले.

छपाईपासून सुरुवात करू. श्रीरामपूरला विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण १८०५ साली छापले गेले, त्यात देवनागरी खिळे वापरले होते. इकडे मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ साली पंचांग छापले ते शिळाप्रेसवर. शिळाछापाचे वैशिष्ट्य असे, की लेखकूने हाताने जे लिहिले तेच दगडावरून कागदावर उतरते. म्हणजे मराठी छपाईच्या पहिल्या पिढीत हाताचे अक्षर आणि छापील अक्षर यांच्यात भिंत नव्हती. ती भिंत उभी राहिली ती चांगल्या खिळ्यांमुळे. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात थॉमस ग्रॅहॅमने देवनागरी खिळे सुधारले. त्याच छापखान्यात उमेदवारी केलेल्या जावजी दादाजी चौधरी यांनी पुढे स्वतःचा टाइप कारखाना काढला आणि १८६९ मध्ये ‘निर्णयसागर’ छापखाना. राणोजी रावजी आरू यांनी तिथे घडवलेली अक्षरे इतकी देखणी होती, की मराठी वाचकाच्या डोळ्याला ‘छापील अक्षर’ म्हणजे तेच असे वळण लागून गेले. बोरूच्या तिरप्या टोकाची आठवण ठेवणारे, कुठे जाड कुठे बारीक, अंगाने सडपातळ, चारचौघांत नीट बसणारे अक्षर.

या अक्षराला जाड करता येत नव्हते असे नाही. जाहिरातीला आणि मथळ्याला जाड टाइप होता, छापखान्यात त्याला सरळ ‘ब्लॅक’ म्हणत. पण जाड आणि गुबगुबीत यांत फरक आहे, आणि तो शिशाच्या स्वभावामुळे पडतो. खिळा चौकोनी असतो. एका खिळ्याच्या हद्दीत दुसरा घुसू शकत नाही. देवनागरीत मात्रा, वेलांटी, अनुस्वार वर, उकार खाली. डिग्री पद्धतीत तर वरचा थर, मधला थर, खालचा थर असे तीन मजले वेगवेगळ्या खिळ्यांनी रचावे लागत. आता लठ्ठ अक्षराचा विचार करा. ‘की’ फुगवायचा तर वेलांटीला ‘क’च्या पोटावर थोडे रेलावे लागते आणि ‘क’ला तिच्यासाठी किंचित अंग चोरावे लागते. गर्दीच्या बाकावर तीन माणसे बसतात तशी ही अक्षरे एकमेकांना जागा देऊनच बसू शकतात. चौकोनी शिसे अंग चोरत नाही. बापूराव नाईकांनी १९७१ साली भाषा संचालनालयासाठी देवनागरी मुद्राक्षरांवर इंग्रजीत तीन खंडांचा ग्रंथ लिहिला. या विषयात पडणाऱ्याने तो एकदा तरी चाळावा. खिळ्यांच्या एवढ्या तऱ्हा एकत्र पाहिल्या की हातावर अक्षर किती मोकळे होते हे जास्तच जाणवते.

गोलाई म्हणाल तर ती मराठीला परकी नाहीच. मोडी गोल आहे. आधी आडवी रेघ ओढून घ्यायची आणि तिच्याखाली हात शक्यतो न उचलता लिहीत जायचे, म्हणून मोडीत कोपरे झिजून वळणे झाली. पण ती घाईतून आलेली गोलाई, अंगाने बारीक; कारकुनाच्या हिशेबी हाताची. तिला खेळकर कुणी म्हणणार नाही. उलट, केवळ मिरवण्यासाठी अक्षराला नटवायची हौस आमच्याच रस्त्याच्या बाजूला फार जुनी आहे. अजिंठ्याची लेणी ज्यांच्या काळात बहरली त्या वाकाटकांच्या ताम्रपटांत प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर एक छोटी चौकोनी पेटी असते. अभ्यासक तिला पेटिकाशीर्षक लिपी म्हणतात. वाचायला त्या पेट्यांची काही गरज नव्हती. कुणाला तरी त्या आवडल्या, एवढेच.

गुबगुबीतपणा आला तो अंतरामुळे. पुस्तक हातभर अंतरावरून वाचतात, पाटी रस्त्यापलीकडून. बैलगाडी असो की एसटी, जाणाऱ्या माणसाला दोन क्षणांत दिसले पाहिजे म्हणून पेंटरने अक्षर जाड केले. आणि चपटा ब्रश वळवताना कोपरा टोकदार ठेवण्यापेक्षा वाटोळा करणे हाताला सोपे गेले. रसवंतीगृहांच्या पाट्या आठवून पाहा. पिवळा पत्रा, लाल अक्षर, त्याला निळी किंवा काळी सावली, आणि ‘रस’मधला ‘स’ असा फुगलेला की त्यातूनच रस गळेल.

आमच्या भागात पाट्यांच्या अक्षराला आणखी एक पाणी मिळाले. १९४८च्या सप्टेंबरपर्यंत इथे निजामाचे राज्य, कारभाराची भाषा उर्दू. नंतर मराठवाडा १९५६ मध्ये मुंबई राज्यात आणि १९६० पासून महाराष्ट्रात. तरी दिल्ली दरवाजा, सिटी चौक, शहागंज या बाजूच्या पाट्यांवर उर्दू आणि मराठी शेजारीशेजारी राहिल्या, आजही आहेत. दोन्ही लिपी एकाच हाताने लिहिणारे पेंटर या शहराने पाहिले आहेत. नस्तालीकमध्ये अक्षराचे पोट खाली झोळीसारखे भरते आणि टोकाला रेघ निमुळती होते. इथल्या जुन्या मराठी पाट्यांवरचे ‘उ’, ‘ड’, ‘ह’ यांचे खालचे वळण मला पुण्या-मुंबईच्या पाट्यांपेक्षा जास्त भरलेले दिसते. उर्दूच्या झोळीचा हा परिणाम असावा, हा माझा तर्क आहे. कुणी दोन्हीकडच्या पाट्यांचे फोटो समोर ठेवून तपासले तर मला आनंदच होईल.

हर्सूलमधल्या एका जुन्या पेंटरांकडे बसून मी त्यांची पद्धत समजून घेतली. आधी पत्र्याला अस्तर. मग दोरी खडूत घोळून दोन्ही टोकांनी ताणायची आणि टिचकी मारून वरची-खालची रेघ उमटवायची. शब्दातली अक्षरे मोजायची, मधले अक्षर आधी काढायचे आणि तिथून दोन्हीकडे सरकायचे, म्हणजे पाटीच्या कडेला शब्दाची चेंगराचेंगरी होत नाही. रंगाचा हात कापू नये म्हणून मनगटाखाली काठी. यातले बरेचसे कुठल्याही पेंटरकडे दिसेल. मला महत्त्वाचे वाटले ते पुढचे: जाड अक्षर काढताना ते आधी रंगाची रेघ पाहत नाहीत, आत उरणारी मोकळी जागा पाहतात. ‘ठ’ असो, ‘ब’ असो, पोटातला पांढरा ठिपका किती ठेवायचा ते ठरले की बाकीचे अक्षर त्याच्याभोवती आपोआप जमते. आणि हे ठरते शब्द पाहून. ‘बाबा’ लिहिताना दोन्ही ‘ब’ सारखे काढायचे की दुसऱ्याला जरा झुकवायचे, हे तो शब्द दुधाच्या डेअरीचा आहे की दर्ग्याच्या कमानीचा यावर. म्हणजे त्यांच्याकडे ‘ब’ नावाची एकच वस्तू नाही. जितक्या पाट्या तितके ‘ब’.

शहरातल्या रस्त्यावर जे पत्र्यावर चालले होते, तेच मुंबई-पुण्यात कागदावर अधिक जाणतेपणाने चालले होते. काशीनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मासिक मनोरंजन’ने १९०९ मध्ये दिवाळी अंकाची प्रथा घातली, आणि दिवाळी अंकाबरोबर मुखपृष्ठावरच्या अक्षराला वर्षातून एकदा नवे कपडे घालायची मुभा मिळाली. दीनानाथ दलालांनी १९४५ मध्ये ‘दीपावली’ काढला. त्यांची मुखपृष्ठे आपण चित्रांसाठी आठवतो, पण त्यांतली अक्षरेही चित्राच्याच ब्रशाची आहेत, टाइपाची नाहीत. लहान मुलांच्या वाचनात हे अधिक ठळक दिसते. बालभारतीचे ‘किशोर’ १९७१ मध्ये निघाले. आत ओळीने बसलेला टाइप आणि कथेच्या डोक्यावर उड्या मारणारे हाताचे शीर्षक, ही वाटणी माझ्या पिढीच्या डोळ्यांत इतकी पक्की बसली आहे, की हाताचे अक्षर दिसले की गोष्ट सुरू होणार असे अजूनही वाटते.

या सगळ्यात कमल शेडगे यांचे नाव वेगळे काढावे लागते. टाइम्स ऑफ इंडियाच्या कला विभागात त्यांनी अनेक वर्षे काम केले. पण मराठी माणूस त्यांना ओळखतो ते वर्तमानपत्रातल्या नाटकांच्या जाहिरातींमुळे. वसंत कानेटकरांच्या ‘रायगडाला जेव्हा जाग येते’पासून पुढे कित्येक दशके नाटकाचे नाव आणि शेडग्यांचे अक्षर ही जोडगोळी राहिली. जुलै २०२० मध्ये ते गेले. ‘माझी अक्षरगाथा’, ‘चित्राक्षरं’, ‘कमलाक्षरं’ ही त्यांची पुस्तके पाहताना एक गोष्ट लक्षात येते: त्यांच्याकडे ऐतिहासिक नाटकाचा ‘र’ विनोदी नाटकाच्या ‘र’ला ओळखसुद्धा देणार नाही. फार्स असेल तर अक्षरांचे बूड जड होते, शिरोरेघ डुलते, काना शेजाऱ्याला ढुशी देतो. वाचकाने शब्द वाचण्याआधीच त्याला कळलेले असते की आज हसायचे आहे. हर्सूलच्या पेंटरचे आणि शेडग्यांचे शिक्षण, पैसे, प्रतिष्ठा यांत जमीन-अस्मानाचे अंतर. पण पद्धत एकच, शब्द आधी आणि अक्षर नंतर. फॉन्टमध्ये हा क्रम उलटा होतो. तिथे अक्षर आधी तयार असते आणि कुठला शब्द येणार हे त्याला ठाऊक नसते.

जगातही हे वळण असेच आले आहे. शिकागोच्या ऑस्वाल्ड कूपरने १९२२ मध्ये ‘कूपर ब्लॅक’ केला. जाड, कडा वितळलेला, रोमन लिपीतला हा आद्य गुबगुबीत टाइप म्हणावा असा. कूपर मुळात हाताने अक्षरे काढणारा जाहिरात-कलावंत. रोमनमध्ये शिशाला ते जमले, कारण तिथे वर-खाली मात्रांचे मजले नाहीत. १९९४ मध्ये मायक्रोसॉफ्टमधल्या व्हिन्सेंट कोनारे यांना एका घरगुती सॉफ्टवेअरमधला कार्टून कुत्रा गंभीर टाइम्स अक्षरांत बोलताना दिसला. ते विसंगत वाटून त्यांनी कॉमिक्समधल्या हाताच्या अक्षरांवरून ‘कॉमिक सॅन्स’ काढला. तो मूळ कुत्र्याच्या तोंडी पडला नाही, पण विंडोजबरोबर घरोघर गेला. मग तो सूचनाफलकांवर आला, दवाखान्यांत आला, आणि ४ जुलै २०१२ रोजी सर्नमध्ये हिग्ज कणाची घोषणा झाली तेव्हा पडद्यावरची स्लाइडही त्याच अक्षरात होती. जग त्यावर हसले. मला त्यात हसण्यापेक्षा नोंद घेण्यासारखे अधिक वाटते: प्रसंगासाठी काढलेले अक्षर फुकट आणि हाताशी मिळू लागले की ते प्रसंग विचारत नाही.

मराठीच्या वाट्याला हा टप्पा उशिरा आला, आणि वाट वाकडी होती. सी-डॅकची जिस्ट, पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी यांनी डीटीपीची दुकाने गावोगावी उघडली. सजावटीचे फॉन्टही त्यांत आले. पण त्या काळचे फॉन्ट आपापल्या खासगी सांकेतिक भाषेत बोलत. एका फॉन्टात टाइप केलेले ‘साई कृपा’ दुसऱ्यात उघडले की रोमन चिन्हांचा कचरा. र. कृ. जोशी यांनी मायक्रोसॉफ्टसाठी केलेला ‘मंगल’ विंडोजमध्ये आला तेव्हा युनिकोडची मराठी घरात शिरली, मात्र तो कामकाजाचा, सरळमार्गी फॉन्ट. खेळकर अक्षराला अजून जागा नव्हती.

आणि युनिकोड आले तरी मराठीच्या काही खोडी पुरेशा सुटल्या नव्हत्या. दोनच उदाहरणे देतो, कारण दोन्ही हर्सूलच्या रस्त्यावर रोज दिसतात. पहिले ‘ॲ’. ॲग्रो एजन्सी, ॲटो पार्ट्‌स, ॲक्वा. पेंटरला यात अडचण कधीच नव्हती. ‘अ’ काढायचा, वर चंद्र ठेवायचा. युनिकोडमध्ये या अक्षराला स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ मध्ये. त्याआधीच्या फॉन्टांतून ‘ऍ’ लिहून वेळ भागवलेल्या पाट्या अजून टिकून आहेत. दुसरे आपले डोळ्याच्या पापणीसारखे अर्धे र: ‘ऱ्ह’, ‘ऱ्य’. ‘गुऱ्हाळ’, ‘कुऱ्हाड’, ‘वऱ्हाडी’. हिंदीला याची गरज नाही, म्हणून हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेल्या कित्येक सजावटी फॉन्टांत ते एक तर नसते किंवा तुटते, आणि मग गुऱ्हाळवाल्याच्या फ्लेक्सवर ‘गुर्हाळ’ येते. दुकानदार म्हणतो, चालतंय. मला चालत नाही. उसाच्या रसाशी याचा संबंध नाही हे मान्य. पण ज्या गावात पेंटर ते अक्षर डोळे मिटून काढत होता, तिथे यंत्र आल्यावर अक्षर हरवावे हे काही बरे नाही.

‘मोदक’सारख्या फॉन्टचे मोल इथे कळते. रोमनमध्ये मोठी-छोटी मिळून बावन्न अक्षरे, आकडे आणि विरामचिन्हे काढली की बराचसा संसार मांडून होतो. देवनागरीत जोडाक्षरे, अर्धी अक्षरे, रफार, रकार, वेगवेगळ्या रुंदीच्या वेलांट्या असे काही शे आकार लागतात, आणि प्रत्येकात ती सुरीची चीर शाबूत ठेवावी लागते. लठ्ठपणाचा खरा त्रास जवळच्या अक्षरांत होतो. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांच्यातला फरक मुख्यतः शिरोरेघ कुठे तुटते यावर आहे. अक्षर फुगले की ती तूट बुजू लागते. बुजली तर ‘धर’चे ‘घर’ होते आणि ‘भात’ची ‘मात’. ‘मोदक’मध्ये ती तूट बारीक पण स्वच्छ फटीसारखी ठेवली आहे. आकार मोठा असेल तोवर डोळा फसत नाही. लहान केला की फटी मिटतात आणि अक्षराचा गोळा होतो. म्हणून हा फॉन्ट मथळ्याचा. दोन-तीन अक्षरी शब्दाला तो शोभतो: चहा, दूध, बाळ, धमाल. पेंटर पत्र्यावर जे मोकळ्या जागेचे गणित एका शब्दापुरते करत, तेच गणित इथे सगळ्या संभाव्य शब्दांसाठी आधीच करून ठेवले आहे. हे काम हाताच्या कामाहून कमी प्रतीचे आहे असे मला वाटत नाही. ते वेगळ्या जातीचे आहे.

‘बालू’ची गोष्ट त्याहून गमतीची. तो थोडा सडपातळ, अस्वलाच्या पंजासारखा मऊ पण कडा असलेला. भारतातल्या नऊ लिपींत आणि उर्दूत तो आहे, आणि प्रत्येक लिपीत त्याच्या नावापुढे त्या भाषेतला भाऊ लावला आहे: गुजरातीत भाई, बंगालीत दा, गुरमुखीत पाजी, तमिळमध्ये तंबी, मल्याळममध्ये चेट्टन, उर्दूत भाईजान. देवनागरीतला मात्र नुसता बालू, ‘बालूभाऊ’ नाही. घरातल्याला कोण उपाधी लावतो! आमच्या भागाला यातला भाईजान महत्त्वाचा. मघाशी सांगितले तसे, एकाच पाटीवर मराठी आणि उर्दू एका हाताने लिहिली जात तेव्हा दोन्ही अक्षरांचा स्वभाव आपोआप जुळे. फ्लेक्स आले आणि ती जुळणी मोडली. मराठी एका फॉन्टात, उर्दू भलत्याच, जणू दोन दुकाने. ‘बालू’ आणि ‘बालू भाईजान’ शेजारी ठेवले की पुन्हा एक दुकान दिसते. शहरातल्या एखाद्या बेकरीने तसे केलेले पाहायला मी आतुर आहे.

हे दोन्ही फॉन्ट खुल्या परवान्याखाली आहेत. कुणीही उतरवून घ्यावे, वापरावे, पाहिजे तर बदलावे. डीटीपीच्या दुकानात बसलेल्या मुलाला त्यासाठी कुणाला पैसे द्यावे लागत नाहीत की चोरून आणावे लागत नाहीत. मराठीत असे थोडे घडते, म्हणून ते नोंदवतो. पण फुकट अक्षर प्रसंग विचारत नाही, हे कुत्र्याच्या गोष्टीत पाहिलेच. मागे एका चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स होता. हार घातलेला फोटो, खाली जन्म-मृत्यूच्या तारखा, आणि वर गुबगुबीत अक्षरांत ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. ‘श्र’ आणि ‘द्ध’ ही लठ्ठ अक्षरात सगळ्यात अवघड जोडाक्षरे; दोन्ही तिथे गुण्यागोविंदाने फुगून बसली होती. फॉन्टच्या दृष्टीने काम चोख होते. हसू येईल की काय या भीतीने मी पुढे सरकलो. कुणी पेंटर हे अक्षर त्या शब्दाला देता ना. त्याचा हातच तिकडे वळला नसता.

गेल्या तीन-चार वर्षांत पाट्या बदलण्याची लाटच आली. २०२२ मध्ये दुकाने आणि आस्थापनांच्या कायद्यात दुरुस्ती होऊन लहान दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची झाली, आणि मराठी अक्षर इतर लिपीपेक्षा लहान नको असे ठरले. सर्वोच्च न्यायालयाने २५ सप्टेंबर २०२३ रोजी मुंबईतल्या दुकानदारांना त्यासाठी दोन महिने दिले. त्याच वर्षी शहराचे आणि मग जिल्ह्याचे नाव बदलले. राजकारण बाजूला ठेवून फक्त अक्षराच्या बाजूने पाहू. ‘औरंगाबाद’ म्हणजे पाच अक्षरे. ‘छत्रपती संभाजीनगर’ म्हणजे दहा. पाटीची लांबी तीच, पत्त्याच्या ओळीत दुप्पट माणसे बसवायची. लठ्ठ फॉन्ट तिथे चालेनासा झाला. म्हणून आता बऱ्याच पाट्यांवर दुकानाचे नाव गुबगुबीत आणि पत्ता काडीसारख्या अक्षरांत, किंवा सरळ ‘छ. संभाजीनगर’. कायद्याने मराठीचा आकार सांभाळला आहे. वळण सांभाळायला कायदा नाही, आणि नसावाही. शासनाने ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे २००९च्या नोव्हेंबरमधल्या निर्णयाने प्रमाण ठरवली, तरी फ्लेक्सवर हिंदी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ बिनदिक्कत येतात. शाळेत मूल एक ‘ल’ शिकते आणि शाळेबाहेरच्या वडापावच्या गाडीवर दुसरा वाचते. त्याचे फारसे बिघडत नाही, हेही खरे.

पेंटरांचे मात्र बिघडले. फ्लेक्स आल्यापासून पाटीचे काम सुटले. कुणी घरे रंगवू लागले, कुणी गाड्यांच्या नंबरप्लेट करत राहिले, तेही काम नव्या शिक्क्याच्या प्लेट आल्यावर गेले. दिल्लीच्या हनीफ कुरेशी यांनी देशभरातल्या पेंटरांची अक्षरे फॉन्टमध्ये उतरवून त्या फॉन्टांना पेंटरांचीच नावे दिली होती. मराठवाड्यातल्या दुभाषी पाट्यांसाठी असे काही व्हायला हवे होते, अजूनही होऊ शकेल. निदान फोटो तरी काढून ठेवावेत. पत्रा गंजतो, आणि फ्लेक्स लावायला तीच चौकट लागते म्हणून जुनी पाटी मागे तशीच झाकली जाते. कुठे कुठे फ्लेक्स फाटला की खालून लाल ‘स’ डोकावतो.

ज्यांच्याकडे मी पद्धत शिकलो त्या पेंटरांना मध्यंतरी जटवाडा रस्त्याच्या बाजूला एका अंगणवाडीची भिंत मिळाली. भिंतीवर फ्लेक्स नको, रंगवूनच हवे, अशी अट होती. त्यांच्या नातवाने मोबाइलवर ‘मोदक’मध्ये शब्द टाइप करून दुकानातून मोठी छापील प्रत आणली. त्यांनी ती भिंतीला चिकटवली, मागून खडू घासलेला होता, वरून पेन्सिलीने कडा गिरवल्या आणि कागद काढला. भिंतीवर ‘खेळ’, ‘गोष्ट’, ‘खाऊ’ उमटले. मग त्यांनी दोन पावले मागे जाऊन पाहिले, ओल्या फडक्याने ‘ळ’च्या पोटातली खडूची रेघ पुसली आणि हाताने जरा मोठी काढली. खिडकीतून येणाऱ्या उन्हात बारीक फट दिसणार नाही, असे त्यांचे म्हणणे. ‘गोष्ट’मधला ‘ष्ट’ त्यांनी तसाच ठेवला; तो छान जमलाय, म्हणाले, आणि लाल रंगाचा डबा उघडला.